दोन त्रेसष्ट

नागपुरात, एका सरकारी तळघरात माझी नोकरी आहे.
बावीस लोखंडी पेट्या, एक टेबलपंखा,
आणि पोत्यांत भरून आणलेलं एक शहर,
जे कुहीकडच्या काळ्या मातीखाली
दोन हजार वर्षं कुणाच्या अध्यात नव्हतं, मध्यात नव्हतं.
खापरं, मणी, भाजक्या विटांचे तुकडे.
प्रत्येकावर काळ्या शाईत नंबर,
वरून लाखेचा पातळ हात.

यादी तपासताना नवव्या पेटीशी अडलो.
छत्तीस नंबर नाही.
त्रेसष्ट मात्र दोन.
एक घागरीचा काठ, एक झाकणीचा तुकडा,
दोन्हींवर अक्षर एकाच हाताचं,
शाळेत न गेलेलं
आणि चुकायला न भिणारं.

जुन्या हजेरीपटात अंगठेच अंगठे.
एकीचा मात्र पहिल्या महिन्यात अंगठा, तिसऱ्यात सही:
सयत्रा देवाजी मेश्राम, रोज रुपये अकरा.

माघातल्या एका रविवारी लाल गाडीनं गेलो.
बोटांना तेल लावून
ती अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती.
मी फोटो दाखवले.
तिनं ते लांब धरले, जवळ धरले.
"छत्तीसच हाय थे," म्हणाली.
"साहेबानं लिहून दाखवलं
तं दोघंही पाठ करून बसलेले.
त्याच दिवशी थे घर लागलं होतं आमाले.
चूल होती. चुलीत राख होती.
अशा घरच्या भांड्यावर भांडण कायले लिहाचं?
म्या तोंडं फिरवली त्याइची."

मग हात पुसत उठली.
"चला. गाव पाहाले आले नं तुमी?"

गाव म्हणजे कापणी झालेलं तुरीचं रान.
खड्डे तेव्हाच बुजवले होते,
प्लास्टिक अंथरून, वाळू टाकून, मग तीच माती.
बुजवायलाही तीच होती मजुरीला.
"उघडाचे अकरा, झाकाचे नऊ.
झाकणं सोपं असते म्हणे."

ती पुढे, मी मागे.
खुंट चपलेतून टोचत होते.
मला वाटलं, सरळ बांधापर्यंत जाईल,
तर सतराव्या पावलावर ती उजवीकडे वळली.
वळण्यासारखं तिथे काही नव्हतं.
मग डावीकडे.
मग पदर सावरून जराशी तिरपी,
बोळात समोरून कुणी आलं की व्हावं तशी.
एके ठिकाणी पाऊल उंच उचललं.
एका जागेला लांबून वळसा घातला:
"इहीर हाय, कड्याची. नव्या माणसाले दिसत नाही."

ऊन चढलं होतं.
पलीकडे बाभळीखाली हातभर सावली,
मी तिकडे सरळ निघालो.

"अवो बाप्पा!"
ती खरोखरच दचकली होती.
"भितीतून कायले जाता?
दार इकडं हाय."

मी थांबलो.
आलो तसा मागे फिरलो.
चपला काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं.
आणि ती उभी होती तिथून,
डोकं थोडं वाकवून
(त्यांची दारं बुटकी असणार)
आत गेलो.

आत ढेकळं होती.
तुरीच्या वाळक्या शेंगा, एक नाकतोडा,
आणि वाऱ्यानं कुठून तरी आणलेलं
गुटख्याचं पाकीट.
ते तिनं उचललं, दाराबाहेर टाकलं.
"बसा," म्हणाली.

मी बसलो.
चुलीकडे पाठ झाली असावी,
कारण तिनं मला खांद्याला धरून
फिरवलं.